बास नाही, मरळ! जुन्नर-आंबेगावात गळ टाकण्यापूर्वी हे वाचा

यूट्यूबवर ‘बास फिशिंग’चे व्हिडिओ पाहून अनेकांना रॉड घ्यावासा वाटतो. पण त्यात दिसणारा लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेतला मासा आहे. आपल्या धरणांत तो मिळत नाही. मात्र दबा धरून शिकार करणारा, झडप घालून आमिष पकडणारा मासा आपल्याकडेही आहे. त्याचं नाव मरळ. बाससाठीची बरीचशी तंत्रं मरळीलाही लागू पडतात.

मरळ कुठे सापडते?

माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पातली पाच धरणं जुन्नर-आंबेगाव परिसरात आहेत. अशा जलाशयांत खोल पाण्यात कटला, रोहू यांसारखे मासे असतात. मरळ मात्र काठालगतच्या उथळ पाण्यात, पाणवनस्पती आणि बुडालेल्या झुडपांच्या आडोशाला राहते. ती हवेतूनही श्वास घेते, त्यासाठी तिला अधूनमधून वर यावं लागतं. त्यामुळे संथ पाण्यावर अचानक उठलेला तरंग किंवा बुडबुडा ही तिची खूण समजा.

साहित्य काय लागतं?

- साडेसहा ते सात फुटांचा, जरा दणकट रॉड
- 30 ते 40 पौंडांची ब्रेडेड दोरी. साधा तंगूस झाडोऱ्यात घासून तुटू शकतो
- रबरी बेडूक, म्हणजे ‘फ्रॉग लूर’. याचे गळ अंगाला चिकटलेले असल्याने तो गवतात अडकत नाही
- लांब तोंडाची पक्कड. मरळीला दात असतात, तोंडात बोट घालू नका

बेडूक कसा फिरवायचा?

बेडूक मरळीच्या जागेच्या थोडा पलीकडे टाका आणि झटके देत, मध्येच थांबवत ओढा. झडप बसली की लगेच ओढू नका. एक-दोन सेकंद थांबा, दोरी ताणली गेली की मग झटका द्या. घाई केली तर बेडूक रिकामाच परत येतो.

कोणती मरळ सोडून द्यायची?

मरळीची जोडी आपल्या पिल्लांची राखण करते. नारिंगी-लालसर पिल्लांचा पुंजका पाण्यावर दिसला, तर आईबाप जवळच असतात. पिल्लांच्या रक्षणासाठी ते बेडकावर तुटून पडतात, त्यामुळे ते सहज गळाला लागतात. पण त्यांना नेलं की इतर मासे पिल्लं फस्त करतात. एका मरळीपायी सगळी वीण जाते. असा पुंजका दिसला तर जागा बदला. पावसाळा हा विणीचा मुख्य काळ, तेव्हा गळ घरीच ठेवलेला बरा.

परवानगी लागते का?

हो. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. डिंभ्याचंच पाहा. घोड नदीवरच्या या धरणात मूळ आंबेगाव बुडालं, आदिवासी कुटुंबांच्या जमिनी गेल्या. पुढे ‘शाश्वत’ संस्थेच्या मदतीने विस्थापितांनी मच्छीमार सहकारी संस्था उभी केली, जलाशयात मत्स्यबीज सोडलं आणि मासेमारीवर घर चालवलं. ‘शाश्वत’ला 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कारही मिळाला. म्हणजे तुमच्यासाठी जो रविवारचा छंद, ती काठावरच्या माणसाची रोजीरोटी आहे. आधी स्थानिक संस्थेला विचारा, शुल्क असेल तर भरा, त्यांच्या जाळ्यांपासून लांब राहा. भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत गळ टाकू नका. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणं तर 1897 च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे.

बिबट्याचं काय?

मासे पहाटे आणि संध्याकाळी चांगले लागतात, पण बिबट्याची वेळही तीच. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे, यावरूनच इथली परिस्थिती समजते. एकटे जाऊ नका, उसाच्या किंवा गवताच्या कडेला वाकून बसू नका. उजाडल्यावर निघा आणि अंधार पडण्याआधी परता. धरणाच्या काठच्या गाळात पाय रुततो, म्हणून काठीने चाचपूनच पाऊल टाका.

मासा सोडायचा असेल तर?

गळाचा काटेरी दात पक्कडीने आधीच दाबून ठेवा, म्हणजे गळ चटकन निघतो. हात ओले करून मासा धरा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. फोटो एकच काढा आणि मासा पाण्यात सोडा. रीलवर टाकताना नेमकी जागा सांगू नका, नाहीतर पुढच्या रविवारी तिथे गर्दी उसळेल.