लो-की छायाचित्राची निवड : अजिंठा ते क्रांती चौक – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

छायाचित्र म्हणजे प्रकाशाने रेखाटलेले चित्र, अशी सर्वसाधारण व्याख्या केली जाते. ही व्याख्या चुकीची नसली तरी अपुरी आहे. छायाचित्रात प्रकाशाइतकेच स्थान छायेला आहे, हे मराठी शब्दातच सूचित झालेले आहे. ज्या छायाचित्राचा बहुतांश भाग काळ्या व गडद करड्या छटांनी व्यापलेला असतो आणि मोजकाच भाग उजळ असतो, त्यास ‘लो-की’ छायाचित्र असे संबोधले जाते. छायाचित्रण स्पर्धांमध्ये हा विषय वारंवार दिला जातो. स्पर्धकाजवळ गडद छायाचित्रांची वाण नसते. त्यांपैकी कोणते पाठवावे, ही खरी अडचण असते.

हा प्रश्न वरवर पाहता अभिरुचीचा वाटतो. तथापि त्यामागे दीड शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात घडलेला आहे. प्रस्तुत निबंधात अजिंठ्याच्या छायाचित्रणाच्या आधारे छायाचित्रातील अंधाराचे प्रकार तपासले असून, त्यांतून मिळणारा निकष शहरातील क्रांती चौकाच्या रात्रीच्या छायाचित्रांना लावून पाहिला आहे.

क्रांती चौक : स्थळाची पार्श्वभूमी

जालना मार्गावरील क्रांती चौक हा शहराचा एक वर्दळीचा चौक होय. त्याच्या नावाचा संबंध १८५७ च्या उठावाशी आहे. जून १८५७ मध्ये औरंगाबाद येथील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळात असंतोष उफाळून आला. जनरल वुडबर्न याच्या तुकडीने तो मोडून काढला आणि त्यात सहभागी झालेल्या सैनिकांना देहदंड देण्यात आला. ‘काळा चबुतरा’ या नावाने या घटनेची स्मृती शहराने जपली आहे. चौकातील छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे नव्या स्वरूपात अनावरण फेब्रुवारी २०२२ मध्ये झाले. रात्री हा पुतळा प्रकाशझोतात उजळून निघतो. एकाच ठिकाणी झगमगाट आणि काळ्या चबुतऱ्याची आठवण असल्यामुळे, छायाचित्रात काय उजेडात ठेवावे व काय अंधारात सोडावे, हा प्रश्न येथे केवळ तंत्राचा राहत नाही.

हा उठाव झाला त्या काळात या चौकापासून सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर अजिंठ्याच्या लेण्यांत एक लष्करी अधिकारी अंधाराशी झगडत होता.

साधनाचा अंधार : रॉबर्ट गिल

मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल (१८०४–१८७९) याची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. अनेक वर्षांच्या परिश्रमातून त्याने साकारलेली तैलचित्रे लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेस येथे मांडण्यात आली होती. डिसेंबर १८६६ मधील आगीत त्यांपैकी बहुतेक जळून गेली. गिलने दरम्यानच्या काळात कॅमेराही हाती घेतला होता. १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन याच्या विवेचनासह ‘द रॉक-कट टेम्पल्स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात गिलने काढलेली ७४ छायाचित्रे होती.

तत्कालीन वेट कोलोडियन पद्धतीत काचेच्या पट्टीवर रसायन चढवून, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून लगेच धुवावी लागे. लेण्याच्या आतील मंद प्रकाशात लांबलचक एक्सपोजर द्यावे तर पट्टी वाळून जाण्याची भीती असे. याहून गंभीर अडचण रंगांची होती. कोलोडियनची पट्टी निळ्या प्रकाशाला संवेदनशील, पण तांबड्या-पिवळ्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. अजिंठ्याच्या चित्रांत गेरूचा तांबडा आणि पिवळ्या मातीचा रंग विपुल आहे. म्हणजेच डोळ्यांना जो भाग उबदार व उजळ दिसतो तो पट्टीवर काळा उमटे आणि लाजवर्दी दगडापासून केलेली निळाई फिकट पडे. हर्मान फोगेल याने १८७३ मध्ये रंगद्रव्ये मिसळून पट्टीची संवेदनशीलता वाढविता येते हे दाखविले. सर्व रंगांना प्रतिसाद देणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक पट्ट्या बाजारात येण्यासाठी १९०६ साल उजाडले.

भुयारी अंधारावर मात करण्याचे प्रयत्न याच सुमारास युरोपातही चालू होते. नादार याने १८६१ मध्ये पॅरिसच्या भूमिगत अस्थिगृहांत विजेच्या कमानी दिव्यावर छायाचित्रे काढली, तर १८६४ मध्ये आल्फ्रेड ब्रदर्स याने इंग्लंडमधील डर्बीशायरच्या गुहेत मॅग्नेशियमच्या उजेडाचा वापर केला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोलोडियनच्या काळातील गडद छायाचित्रांमध्ये जो काळोख आहे, तो बऱ्याच अंशी छायाचित्रकाराने निवडलेला नाही. तो साधनाच्या मर्यादेने लादलेला आहे. अशा छायाचित्राचे ऐतिहासिक मोल मोठे असते. परंतु केवळ गडद आहे म्हणून त्यास लो-की म्हणता येणार नाही.

संकेताचा अंधार : प्रदर्शने आणि सलोन

अंधार हा दोष न राहता गुण केव्हा झाला, याचा शोध घेतल्यास प्रदर्शनांच्या परंपरेकडे वळावे लागते. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तिच्याशी निगडित होते. या पहिल्या पिढीचा ओढा स्पष्टतेकडे होता. वास्तू, शिल्प, माणसे यांची बारीकसारीक नोंद मिळावी, ही अपेक्षा होती. निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या वेरूळच्या छायाचित्रांतही दगडाचा प्रत्येक कंगोरा उजेडात दिसावा, असा कटाक्ष जाणवतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे चित्र पालटले. लंडनमध्ये १८९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘लिंक्ड रिंग’ या मंडळाने छायाचित्रास कलाकृतीचा दर्जा मिळावा, असा आग्रह धरला आणि १८९३ पासून ‘सलोन’ भरविण्यास प्रारंभ केला. या पिक्टोरियल चळवळीने रेम्ब्रांटच्या छायाप्रकाशाचा आदर्श समोर ठेवला. एडवर्ड स्टायकेन याचे १९०४ मधील तळ्यावरील चंद्रप्रकाशाचे छायाचित्र हे या दृष्टीचे ठळक उदाहरण होय. भारतात ही परंपरा कॅमेरा पिक्टोरियॅलिस्ट्स ऑफ बॉम्बे (१९३२) व फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया (१९३७) यांसारख्या मुंबईतील संस्थांमुळे रुजली आणि फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफीच्या (१९५३) माध्यमातून गावोगावच्या क्लबांपर्यंत पोहोचली.

या परंपरेने छायाचित्रकारांना अंधाराकडे जाणीवपूर्वक पाहण्यास शिकविले, हे तिचे श्रेय होय. परंतु तिने काही साचेही रूढ केले. काळ्या पार्श्वभूमीवर सुरकुतलेला चेहरा, धुरात शिरणारा सूर्यकिरण, दिव्याशेजारची मुलगी ही चित्रे इतक्या वेळा पारितोषिके मिळवून गेली की अंधार हा एक संकेत बनला. परीक्षकांपुढे शेकडो प्रवेशिका असतात आणि प्रत्येकीस अल्प वेळ मिळतो. अशा वेळी ओळखीचा अंधार चटकन उचलला जातो. स्पर्धकही मग विषयाचा विचार न करता परीक्षकाच्या सवयीचा विचार करू लागतो.

याच साच्यात बसणारी वाटणारी, पण त्याच्या पलीकडे जाणारी एक कृती मराठी चित्रकाराची आहे. सावंतवाडीत जन्मलेले सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांनी हातात समई घेतलेल्या आपल्या कन्येचे ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र १९४५-४६ च्या सुमारास रंगविले. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलादालनात असलेले हे चित्र अनेकदा राजा रविवर्मा यांचे समजले जाते. ते तैलरंगात नसून जलरंगात आहे, ही बाब येथे महत्त्वाची ठरते. पारदर्शक जलरंगात उजेड वरून लावता येत नाही. कागदाचा पांढरेपणा राखून ठेवावा लागतो. म्हणजे पहिला कुंचला टेकविण्यापूर्वीच उजेड कोठे असेल, हे ठरलेले असावे लागते. बोटांच्या फटींतून झिरपणाऱ्या तांबूस प्रकाशामुळे येथील अंधारास कारण लाभते. दिवा आहे, तो हाताने झाकला आहे, म्हणून बाकीचे गडद आहे.

विषयाचा अंधार : अजिंठ्याकडे पुन्हा

विसाव्या शतकात अजिंठ्याच्या छायाचित्रणास नवे वळण मिळाले. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावरील चार खंड प्रसिद्ध केले. त्यांत रंगीत छायाचित्रणाचा आधार घेतलेला होता. तत्पूर्वी १९२०च्या दशकाच्या आरंभी इटलीहून आलेल्या चेक्कोनी व ओर्सिनी या तज्ज्ञांनी चित्रांचे जतन केले. मात्र संरक्षणासाठी दिलेला लाखेचा थर कालांतराने पिवळसर व काळपट झाला आणि तो काढण्याचे काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांकडे आले. चित्रांवर साचलेला अंधारही मूळचाच असतो असे नाही, हे यावरून ध्यानात येते.

लेण्यांत आरशाने वा पांढऱ्या कापडाने ऊन परावर्तित करून भिंती दाखविण्याची पद्धत दीर्घकाळ प्रचलित होती. पुढे विद्युत दिवे आले. तीव्र प्रकाशाने रंगांची हानी होत असल्यामुळे फ्लॅशच्या वापरास मनाई करण्यात आली. या पार्श्वभूमीवर बिनॉय बहल यांनी १९९१-९२ मध्ये केलेले काम निर्णायक ठरते. प्रखर दिव्यांचा मारा न करता अत्यंत मंद प्रकाशात दीर्घ एक्सपोजर देऊन त्यांनी ही चित्रे टिपली. १९९८ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या या छायाचित्रांत भिंतीचे रंग प्रथमच त्यांच्या मृदू रूपात व्यापक वाचकवर्गासमोर आले. गिलच्या काळात मंद प्रकाश हा अडथळा होता. बहल यांच्याकडे तोच पाहण्याचा मार्ग झाला. अंधाराचा प्रतिकार करण्याऐवजी त्याला पुरेसा वेळ दिला, तर तो बोलू लागतो, हा या कामाचा धडा होय.

निकष आणि त्याचे उपयोजन

वरील विवेचनावरून छायाचित्रातील अंधाराचे तीन प्रकार करता येतात : साधनाचा, संकेताचा आणि विषयाचा. निवड करणाऱ्याने प्रत्येक छायाचित्रास एकच प्रश्न विचारावा. येथील काळोख कोणाचा आहे?

क्रांती चौकात रात्री काढलेली तीन छायाचित्रे कल्पिली तर हा निकष स्पष्ट होईल. पहिल्यात उड्डाणपुलावरील दिव्यांमुळे कॅमेऱ्याचे प्रकाशमापन फसले आहे. दिवे पांढरेफटक, रस्ता काळाकुट्ट आणि माणसे नाहीशी. हा साधनाचा अंधार आहे. दुसऱ्यात पुतळ्याची सोनेरी कडा तेवढी ठेवून सभोवतालचा चौक संगणकावर काळा केला आहे. चित्र देखणे आहे, परीक्षकाची नजर खिळविणारेही आहे. पण येथील अंधार नंतर ओतलेला आहे. तो चौक पुसून टाकतो आणि हे छायाचित्र कोणत्याही शहराचे होऊ शकते. तिसऱ्यात पहाटेपूर्वी पुतळ्याच्या पायथ्याशी झाडू मारणारी एक व्यक्ती आहे. एका दिव्याचा तिरपा उजेड तिच्या हातावर व ओल्या फरशीवर पडला आहे. अश्वाचा आकार वर काळोखात जाणवतो, दिसत नाही. येथे वेळ, काम आणि प्रकाशाचा उगम या तिन्ही गोष्टी परस्परांना बांधलेल्या आहेत. स्पर्धेसाठी हे तिसरे छायाचित्र निवडणे उचित ठरेल.

या निवडीस तांत्रिक कसोटीही लावता येते. अॅन्सेल अॅडम्स व फ्रेड आर्चर यांनी १९४०च्या सुमारास मांडलेल्या झोन पद्धतीत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे तपशीलहीन काळा, तर तिसऱ्या पायरीवर गडद भागातही पोत टिकून राहतो. चांगल्या लो-की छायाचित्रात निखळ काळ्याचा वापर असतोच, पण महत्त्वाच्या छाया तिसऱ्या पायरीच्या आसपास राखलेल्या असतात. अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या उजळ पडद्यावर दिसणारा हा पोत कागदावरील मुद्रणात बुजून जाऊ शकतो. म्हणून स्पर्धेत मुद्रित प्रत मागविली असेल तर निर्णयही मुद्रित प्रत पाहूनच घेणे आवश्यक आहे.

वारसास्थळांच्या बाबतीत या निवडीस आणखी एक बाजू आहे. पारितोषिकप्राप्त छायाचित्रे प्रदर्शनांत, दिनदर्शिकांत व पुढे अभ्यासकांच्या हाती जातात. आज काळा केलेला कोपरा उद्याच्या संशोधकास रिकामा कोपरा वाटेल. गिलची तैलचित्रे जळाली, तेव्हा मागे राहिलेल्या त्याच्या छायाचित्रांवर साधन म्हणून भिस्त ठेवावी लागली. त्यांतील तांबडा रंग काळा का दिसतो, हे रसायनशास्त्र सांगू शकते. संगणकावर हौसेने पुसलेल्या माणसांचा खुलासा मात्र कोणतेही शास्त्र करू शकणार नाही. स्पर्धेच्या प्रवेशिकेसोबत मूळ प्रतही जतन करणे म्हणूनच इष्ट होय.

निष्कर्ष

लो-की छायाचित्राचे मोल त्यातील काळ्या रंगाच्या प्रमाणावर ठरत नाही. उजेड कोठून आला व उरलेले गडद का राहिले, याचे उत्तर चित्रातच मिळाले पाहिजे. अजिंठ्याच्या छायाचित्रणाचा प्रवास हा लादलेल्या अंधाराकडून समजून घेतलेल्या अंधाराकडे झालेला प्रवास आहे. महाविद्यालयीन स्तरावरील छायाचित्रण स्पर्धांत परीक्षण करताना प्राध्यापकांनी प्रवेशिकेसोबत स्थळ, वेळ, प्रकाशाचा उगम आणि नंतर केलेले बदल यांची चार ओळींची नोंद मागविल्यास ही जाण विद्यार्थ्यांत रुजविता येईल. अशा नोंदींमुळे क्रांती चौकासारख्या स्थळांची स्पर्धेत आलेली छायाचित्रे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात स्थानिक इतिहासाचे साधन म्हणूनही उपयोगी पडतील.