पाहुण्याची साक्ष : कार्ल्याच्या लेखांपासून लोणावळ्याच्या बंगल्यांपर्यंत

'अभिप्राय' हा शब्द मराठीत आज 'मत' या अर्थी रूढ आहे. संस्कृतात त्याचा मूळ रोख 'हेतू' या अर्थाकडे आहे. परक्या जागी चार दिवस राहून गेलेल्या पाहुण्याने त्या जागेविषयी लिहून ठेवलेला अभिप्राय कितपत विश्वसनीय मानावा, हा प्रश्न लोणावळे-खंडाळ्यास भाड्याचा बंगला शोधणाऱ्या कुटुंबापुढे आज दर शनिवार-रविवारी उभा राहतो. आणि त्याचा विचार करताना शब्दाचा हा जुना अर्थ दृष्टीआड करता येत नाही. मावळास मात्र हा प्रश्न नवीन नाही. बोरघाटाच्या माथ्यावरील हा प्रदेश दोन हजार वर्षे वाटसरूंचा मुक्काम झालेला आहे आणि मुक्काम करणाऱ्यांनी, तसेच मुक्कामाची सोय करणाऱ्यांनी, आपापल्या परीने त्याविषयी लिहून ठेवले आहे.

या लेखनाचा अगदी आरंभीचा नमुना कार्ल्याच्या चैत्यगृहात कोरलेला आहे. वैजयंतीहून आलेल्या भूतपाल नामक श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्णत्वास नेले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे तेथील एक ब्राह्मी लेख सांगतो. वैजयंती म्हणजे कर्नाटकातील बनवासी, असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे हा दाता दूरदेशीचा होता. वास्तूची थोरवी येथे पाहुणा गात नाही; ज्याचे धन त्या वास्तूत गुंतले तोच गात आहे. अशा वचनास कोणीही स्वस्तुती म्हणून बाजूस सारील. परंतु फर्ग्युसन व बर्जेस यांनी १८८० साली भारतीय लेण्यांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा सुमारे १२४ फूट लांब व ४५ फूट रुंद असलेल्या या चैत्यगृहास त्यांनी तोवर ज्ञात असलेल्या भारतीय चैत्यगृहांत सर्वांत मोठे आणि सर्वांत पूर्ण असे स्थान दिले. श्रेष्ठीचा 'उतम' हा शब्द फूटपट्टीने खरा ठरविला.

त्याच लेखातील दुसरे विधान मात्र तितके घट्ट नाही. चैत्यगृहाच्या स्तंभांवर व भिंतींवर इतरही अनेक नावे आहेत. धेनुकाकटाच्या यवनांनी स्तंभ दिले. त्याच गावच्या वेणुवासपुत्र सामी नामक सुताराने द्वाराचे काम केले. बाहेरील सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाचे दान आहे. एवढ्या हातांनी उभ्या राहिलेल्या वास्तूचे पूर्णत्व एकट्याच्या नावे मांडता येत नाही. तेव्हा एकाच लेखातील स्तुती खरी ठरली आणि कर्तृत्वाचा दावा सैल पडला. लिहिणाऱ्याचा स्वार्थ दिसला म्हणजे साक्ष खोटी, हे समीकरण येथेच मोडते. भूतपालाची साक्ष तपासता येते ती दोन कारणांनी : वास्तू मोजता येते, आणि त्याच्या शेजारी इतरांची नावे अद्याप शाबूत आहेत. शेजारचे लेख कोणी छिनीने काढून टाकले असते, तर तो एकटाच बोलत राहिला असता.

कार्ल्याचा आणखी एक लेख या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. नहपानाचा जामात उषवदात याने वलुरक येथील लेण्यांत राहणाऱ्या, चारी दिशांच्या भिक्षुसंघातील प्रव्रजितांच्या निर्वाहार्थ करजिक नावाचे गाव दिले. आणि हे दान तेथे वर्षावास करणाऱ्या सर्वांसाठी आहे, असे स्पष्ट नमूद केले. पुढे एका सातवाहन आज्ञापत्रात हेच गाव महासांघिकांना दिल्याचा उल्लेख येतो. ती आज्ञा ज्या अमात्यास उद्देशून आहे त्याचे ठिकाण मामाळ, म्हणजेच अभ्यासकांच्या मते आजचे मावळ. (सूर्य मावळतो तो प्रदेश म्हणून मावळ, ही लोकव्युत्पत्ती मोठी गोड आहे; पण मामाळातील मधल्या 'म'चा 'व' होणे हा मराठीच्या घडणीतील सरळ मार्ग आहे.) उषवदाताच्या लेखात स्थळाची प्रशंसा एका शब्दानेही नाही. पाऊस किती, डोंगर कसा, निवारा किती सुखकर, यांपैकी काही नाही. गाव कोणते, कोणासाठी आणि कोणत्या ऋतूसाठी, एवढेच आहे. तरीही पावसाळ्यात येथे राहणे म्हणजे काय, हे विशेषणांनी भरलेल्या पानापेक्षा या तरतुदीतून अधिक कळते. चार महिने हलता येणार नाही, धान्याची सोय आधी हवी, हे ज्यास ठाऊक होते त्याने तो लेख कोरविला आहे.

मध्ययुग येथे ओलांडून एकोणिसाव्या शतकात आले, की पाहुण्याची लेखणी सैल सुटलेली दिसते. लॉर्ड व्हॅलेन्शिया १८०४ साली, मारिया ग्रॅहम १८०९ साली आणि बिशप हेबर १८२५ साली कार्ल्यास येऊन गेले. या मंडळींस यजमानाची मर्जी राखावयाची नव्हती, कारण त्यांचा वाचक विलायतेत होता. पण त्या वाचकाची मर्जी राखावयाची होतीच. शिवाय छापील प्रवासवृत्त म्हणजे मूळ टिपण नव्हे. हेबर १८२६ मध्ये त्रिचनापल्ली येथे निवर्तला आणि त्याचे प्रवासवर्णन १८२८ मध्ये त्याच्या पत्नीने सिद्ध करून प्रसिद्ध केले. आपल्याकडे विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाचेही असेच झाले : १९०७ साली चिंतामणराव वैद्य यांनी फेरफार करून छापलेली संहिताच लोक अर्धशतकाहून अधिक काळ वाचीत राहिले, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रकाशात आणला. पाहुणा व वाचक यांच्यामध्ये तिसरा माणूस नेहमीच बसलेला असतो.

१८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, १८५८ साली खंडाळे-पुणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ साली घाटातील चढणही रुळांनी जोडली गेली. पाहुण्यांची संख्या वाढली तशी साक्षीची पद्धतही बदलली. सरकारी मुसाफरखान्यांत, म्हणजे ज्यांस डाकबंगले म्हणत त्यांत, एक वही ठेवलेली असे. उतारूने नाव, येण्याजाण्याची वेळ व दिलेले भाडे तीत लिहावयाचे आणि शेवटच्या रकान्यात शेरा मारावयाचा. 'शेरा' हा फारसी दप्तरातून मराठीत आलेला शब्द. अर्जावर अधिकाऱ्याने केलेली टिप्पणी हा त्याचा परिचित अर्थ. डाकबंगल्याच्या वहीत हा अधिकार पाहुण्याकडे गेला. वही ठेवणारा खानसामा पगारी, शेरा वाचणारा त्याचा वरिष्ठ, आणि शेरा बहुधा खानसाम्यास न कळणाऱ्या भाषेत. अशा वहीत 'कोंबडी निबर होती' हे वाक्य खरे मानण्यास हरकत नाही; 'खानसामा उद्धट होता' हे वाक्य कोणाविषयी अधिक सांगते, याचा विचार करावा लागतो. शिवाय या वहीत खानसाम्यास रकाना नव्हता.

त्याच काळात नोकराच्या चांगुलपणाची 'चिठ्ठी' ही दुसरी संस्था चालू होती. हिंदी-मराठीतील हा शब्द इंग्रजीने 'चिट' असा उचलला आणि १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात त्याचा नोकरास दिलेला दाखला हा अर्थही नोंदला गेला. हे दाखले उसने मिळत, विकत मिळत, एकाचे दुसऱ्याच्या हाती जात, हे त्या काळच्या आंग्ल-हिंदी समाजात सर्वश्रुत होते. साहेब गावी परतला की चिठ्ठी कोणी लिहिली हे विचारावयाचे कोणास? याच्या अगदी उलट घडण आपल्या तीर्थक्षेत्रांतील उपाध्यायांच्या वह्यांची आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर अथवा पंढरपूर येथील वहीत यजमान आपले नाव, गाव, कुळी, वाडवडील आणि सोबतची माणसे लिहवितो व खाली आपली सही करतो. तीत स्तुती जवळजवळ नसते. पण लिहिणारा कोण, याविषयी शंकाही नसते, कारण पन्नास वर्षांनी त्याचा नातू त्याच पानावर येऊन बसणार असतो.

साक्षीदार हरवला तरी साक्ष कशी चालू राहते, याचे उदाहरण लोणावळ्याने स्वतःच पुरविले आहे. प्रवासी माहितीपत्रकांतून एक वाक्य पिढ्यान् पिढ्या छापले जाते : लोणावळ्याचा शोध मुंबईचे गव्हर्नर सर एल्फिन्स्टन यांनी १८७१ साली लावला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन १८१९ ते १८२७ या काळात गव्हर्नर होता व १८५९ मध्ये वारला. 'सर' ही पदवी त्याच्या नावामागे नव्हती. त्याच घराण्यातील लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर होता. तोही १८६० सालीच निवर्तला. १८७१ साली हे पद सर विल्यम व्हीसी-फिट्झजेराल्ड याच्याकडे होते. शिवाय ज्या गावावरून १८५८ पासून आगगाडी जात होती, त्याचा शोध तेरा वर्षांनी लागावा हेही विलक्षणच. गावात राहणाऱ्या मावळ्यांना तो कधीच लागलेला होता, हे वेगळे सांगावयास नको. तरीही हे वाक्य शेकडो ठिकाणी आढळते, आणि शेकडो ठिकाणी आढळते म्हणूनच ते खरे वाटते. वस्तुतः शंभर नकला म्हणजे शंभर साक्षीदार नव्हेत. ती एकच साक्ष, आणि तीही मृताच्या नावावर.

आज लोणावळे परिसरात बंगले दिवसाच्या भाड्याने मिळतात, आणि वहीची जागा दूरध्वनीच्या पडद्यावरील ताऱ्यांनी घेतली आहे. या व्यवस्थेत खानसाम्यास रकाना मिळाला आहे, कारण यजमानही पाहुण्याविषयी लिहितो. परिणाम असा, की दोघेही जपून लिहू लागले. 'एअरबीएनबी' या संस्थेने २०१४ साली दोघांचे अभिप्राय एकाच वेळी उघड करण्याची पद्धत आणली ती एकमेकांवरील सूडाची भीती कमी करण्यासाठी. तरी बोस्टन विद्यापीठातील झर्वास, प्रोसर्पिओ व बायर्स यांनी २०१५ साली जगभरातील ६ लाखांहून अधिक जागा तपासल्या, तेव्हा अभिप्राय मिळालेल्या जागांपैकी जवळजवळ ९५ टक्के जागांची सरासरी साडेचार वा पाच ताऱ्यांची निघाली. जेथे सर्वच उत्तम, तेथे 'उत्तम' या शब्दास अर्थ उरत नाही. (लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांवरील 'अस्सल' या विशेषणाची हीच गत झाली आहे.) मेझलिन, डोव्हर व शेव्हालिए यांनी २०१४ मध्ये दाखविले, की कोणासही लिहिण्याची मुभा असलेल्या ठिकाणी प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी असलेल्या हॉटेलांविषयी निंदा अधिक आढळते, पैसे भरून राहिलेल्यानेच लिहावे असा नियम असेल तेथे तितकी आढळत नाही. उपाध्यायांच्या वहीतील सहीचे मर्म हेच होते. भारतात २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन अभिप्राय लिहिणे निषिद्ध ठरविले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोचे 'आयएस १९०००' हे अभिप्रायांविषयीचे मानक आले. त्याचे पालन आरंभी ऐच्छिक ठेवण्यात आले.

खोट्या साक्षीचा बंदोबस्त झाला, तरी खऱ्या साक्षीची मर्यादा शिल्लक राहते. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी सुमारे ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. त्याच तालुक्यात पूर्वेस वडगाव-तळेगावकडे जावे तसतसा तो झपाट्याने उतरतो. जानेवारीत राहून गेलेल्या प्रामाणिक पाहुण्याचे पाच तारे जुलैतील त्याच घराविषयी काहीच सांगत नाहीत. भिंतीची ओल, खचणारा उतार, घरामागील ओहोळ यांपैकी काहीही त्याने पाहिलेले नसते. उषवदाताच्या लेखात ऋतूचे नाव होते. ताऱ्यांच्या सरासरीत बारा महिने एकत्र मिसळतात.

भुशी धरण वाफेच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठी रेल्वेने बांधले. आज ते पावसाळी सहलींचे मुख्य ठिकाण आहे. ३० जून २०२४ रोजी, रविवारी, या धरणाच्या वरच्या बाजूस असलेल्या धबधब्यात पाण्याचा लोंढा अकस्मात वाढला आणि एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यांत लहान मुले होती. त्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी मावळातील पर्यटनस्थळांवर प्रतिबंधक आदेश जारी केले. १५ जून २०२५ रोजी, तोही रविवारच, याच तालुक्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांसह कोसळला व चार जण मृत्युमुखी पडले. अभिप्राय लिहितो तो सुखरूप घरी पोहोचलेला पाहुणा, आणि लिहितो तो घराविषयी : खोल्या, जेवण, पाणी तापविण्याची सोय. ओढ्याचे भाडे कोणी घेत नाही, म्हणून ओढ्याविषयी कोणी विचारीतही नाही. त्याची नोंद झालीच तर ती पोलीस ठाण्यातील पंचनाम्यात होते.