गोदावरी : एका नावाची कुळकथा

आपल्या समाजातील जुन्या पिढीच्या स्त्रियांची नावे आठवू लागावे, तो गंगा, यमुना, कृष्णा, गोदावरी अशी नद्यांची मालिकाच डोळ्यांपुढे उभी राहते. त्यांतील गोदावरी हे नाव आम्हां परभणीकरांस विशेष जवळचे आहे. आमच्या झरी परिसराचे पाणी दुधना-पूर्णेच्या वाटेने अखेर गोदावरीसच मिळते. तेव्हा या नावाचा अल्पसा इतिहास वाचकांपुढे ठेवणे अप्रस्तुत होणार नाही.

गोदावरी त्र्यंबकेश्वरानजीक ब्रह्मगिरीवर उगम पावते व सुमारे १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागरास मिळते. संस्कृतात 'गो' शब्दाचा अर्थ गाय असा आहे, तसाच जल असाही आहे. 'दा' म्हणजे देणारी. गाई देणारी किंवा जल देणारी ती गोदा, अशी या नावाची परंपरागत फोड आहे. गौतम ऋषींच्या कथेवरून तिला गौतमीही म्हणतात. सातवाहनांची राजधानी पैठण हिच्याच तीरी होती आणि हालाच्या गाथासप्तशतीत तिचे प्राकृत नाव 'गोला' असे आले आहे. मराठवाड्यात मात्र ती नुसती 'गंगा'. संत जनाबाईंचे गाव म्हणून प्रसिद्ध असलेले गंगाखेड याच गंगेवरचे. म्हणून आपल्याकडील गंगाबाई किंवा गंगाधर या नावांमागे पुष्कळदा काशीची नव्हे, तर घरचीच गंगा उभी असते.

येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील नवव्या श्लोकात नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचे नाव असलेली कन्या वरू नये, असे सांगितले आहे. महाराष्ट्राने हे वचन मानले नाही. ज्या नदीने शेते पिकविली, तिचे नाव लेकीस देण्यात बापास अशुभ कसे वाटावे?

परंतु ग्रंथाने जे साधले नाही, ते रूढीने साधले. लग्नात ताटातील तांदळावर नवे नाव लिहिले जाई आणि माहेरची गोदावरी तेथेच लुप्त होई. महर्षी कर्वे यांच्या पत्नी पूर्वीच्या गोदूबाई. १८९३ साली पुनर्विवाह झाल्यावर त्या आनंदीबाई झाल्या. उलट, १९०७ साली जन्मलेल्या गोदावरी गोखले विवाहानंतर परुळेकर झाल्या, पण गोदावरीच राहिल्या. वारल्यांच्या लढ्यात त्यांनी हेच नाव सार्थ केले.

शाळेत हजेरी घेताना हे नाव वर्षागणिक विरळ होत गेलेले आम्ही पाहिले. नवी नावे ठेवू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. आवडीनिवडी काळाप्रमाणे पालटणारच. खेद वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. आपल्या घराघरांतील वंशावळी उघडून पाहाव्यात. त्यांत पणजोबांच्या पणजोबांचे नाव सापडते. पणजीचे बहुधा सापडत नाही, आणि तिचे माहेरचे नाव तर कोणासच ठाऊक नसते. ज्यांनी कुळ वाढविले त्यांचीच नावे कुळाच्या कागदावर नसावीत, हा न्याय नव्हे.

म्हणून समाजबंधुभगिनींस आमची नम्र विनंती आहे की, घरातील वृद्ध माणसे हयात आहेत तोवर त्यांस विचारून आजी-पणजींची माहेरची व सासरची, दोन्ही नावे वंशावळीत लिहून घ्यावीत. नवी सून घरी येईल तेव्हा तिचे नाव तिच्यापाशीच राहू द्यावे. पूर्णा गोदेस मिळेपर्यंत पूर्णाच असते. माणसांच्या लेकींसही निदान तेवढा मान मिळावा.