स्नायूतले तांदूळ

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध आपल्यापैकी अनेकांनी प्यायले असेल. पण म्हशीच्या स्नायूंत कधीकधी एक बिनबोलावलेला पाहुणा राहत असतो. भारतातल्या म्हशींच्या अन्ननलिकेवर तांदळाच्या दाण्यासारख्या पांढऱ्या पुटी पुष्कळदा आढळतात. त्या 'सार्कोसिस्टिस' या एकपेशीय परजीवीच्या असतात.

या परजीवीची पहिली नोंद १८४३ ची. स्वित्झर्लंडमध्ये मीशर यांना घरातल्या उंदराच्या स्नायूंत पांढरे दोरे दिसले. हे दोरे म्हणजे नेमके काय, हेच कळेना. १८८२ मध्ये लँकेस्टर यांनी त्याला 'सार्कोसिस्टिस', म्हणजे मांसातली पिशवी, हे नाव दिले. १९१० मध्ये पनामात डॉ. डार्लिंग यांनी ऑपोसमच्या स्नायूंतल्या पुटींचे वर्णन केले. ऑपोसम हा अमेरिकेतला, मांजराएवढा, पोटाला पिशवी असलेला प्राणी. त्याच्यातला तो परजीवी पुढे वेगळ्या वंशातला ठरला आणि डार्लिंग यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

पण हे परजीवी स्नायूत शिरतात कसे? सव्वाशे वर्षे उत्तर मिळाले नाही, कारण सगळे एकाच प्राण्यात पाहत होते. १९७२ मध्ये जर्मनीत रोमेल, हायडॉर्न आणि सहकाऱ्यांनी पुटी असलेले गोमांस कुत्र्या-मांजरांना खाऊ घातले. काही दिवसांनी त्यांच्या विष्ठेत परजीवीची बीजे सापडली. कोडे उलगडले: अर्धे आयुष्य भक्ष्याच्या स्नायूत, अर्धे भक्षकाच्या आतड्यात!

ही रीत कळल्यामुळेच अमेरिकेतल्या घोड्यांच्या एका रोगाचा माग लागला. घोडे अडखळत, तोल जाऊन पडत. परजीवी त्यांच्या मज्जारज्जूत सापडे. १९९१ मध्ये मूळचे भारतीय असलेले डॉ. जितेंदर दुबे आणि सहकाऱ्यांनी त्याला 'सार्कोसिस्टिस न्यूरोना' असे नाव दिले. पण त्याचा भक्षक कोण? १९९५ मध्ये संशयाची सुई ऑपोसमकडे वळली आणि पुढच्या प्रयोगांनी ती खरी ठरली. ऑपोसमच्या विष्ठेतली बीजे चाऱ्यात मिसळून घोड्याच्या पोटात जात होती.

आपल्या म्हशीतल्या त्या तांदळांचा भक्षक कोण? गोठ्याभोवती फिरणारे मांजर! म्हणून कापलेल्या जनावराचे कच्चे तुकडे मांजरांपुढे टाकू नयेत आणि वैरण झाकून ठेवावी. अन्नसाखळी शिकवताना मुलांना एवढे जरूर सांगावे, की खाणारा आणि खाल्ला जाणारा यांच्यामध्ये तिसराही कोणी प्रवास करत असतो.