क्रूझ धक्क्यावरील हमालांची बक्षिसी

क्रूझ जहाजावर चढताना किंवा सफर संपवून उतरताना धक्क्यावर सामान उचलणाऱ्या हमालाला प्रवासी स्वखुशीने जी किरकोळ रक्कम देतात, ती क्रूझ धक्क्यावरील हमालांची बक्षिसी होय. ही प्रथा मुख्यतः अमेरिकेतील बंदरांत रूढ आहे. फ्लोरिडातील मायामी, पोर्ट एव्हरग्लेड्स व पोर्ट कॅनाव्हेरल, टेक्सासमधील गॅल्व्हस्टन, तसेच न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिस या बंदरांतून सफरी सुरू होतात व तेथेच संपतात. अशा ठिकाणी ती विशेष दिसून येते. ही रक्कम प्रवासभाड्यात किंवा जहाजावर आकारल्या जाणाऱ्या सेवाशुल्कात समाविष्ट नसते. ती देण्याची कायदेशीर सक्ती नाही. तथापि, मजुरी आणि देणगी यांच्या सीमारेषेवर ती उभी असल्यामुळे तिच्याविषयी प्रवाशांत नेहमीच मतभेद राहिले आहेत.

शब्द व अर्थच्छटा

बक्षीस हा शब्द फारसीतून आणि हमाल हा शब्द अरबीतून मराठीत आला आहे. अशा देण्याघेण्यासाठी मराठीत अनेक शब्द असून त्यांच्या अर्थांत सूक्ष्म भेद आहे. ओझे वाहून नेण्याबद्दल ठरलेला मोबदला म्हणजे हमाली. कामावर संतुष्ट होऊन दिलेली वरकड रक्कम म्हणजे बक्षिसी. दिवाळीसारख्या सणाला गडीमाणसांना देतात ती पोस्त. काम अडू नये म्हणून हातावर ठेवली जाते ती चिरीमिरी. क्रूझ धक्क्यावरील रकमेला रूढ अर्थाने बक्षिसीच म्हटले जाते. मात्र ती काम पुरे होण्याआधी, बॅग ताब्यात देतानाच दिली जाते. त्यामुळे ती बक्षिसी आहे की चिरीमिरी, असा प्रश्न काही प्रवासी उपस्थित करतात.

ग्रॅच्युइटी या शब्दामुळेही भारतीय प्रवाशांचा गोंधळ होतो. भारतात कायद्यानुसार दीर्घ सेवेनंतर कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या रकमेला हे नाव आहे. क्रूझ कंपन्यांच्या देयकात मात्र त्याच शब्दाचा अर्थ जहाजावरील सेवकवर्गासाठी आकारलेली बक्षिसी असा असतो.

सामान हाताळण्याची पद्धत

सफरीपूर्वी कंपनी प्रवाशाला सामानाच्या चिठ्ठ्या पुरवते किंवा त्या घरी छापून घेण्याची सोय करते. चिठ्ठीवर प्रवाशाचे नाव, जहाजाचे नाव, प्रस्थानाची तारीख व केबिनचा क्रमांक असतो. मोटारीतून उतरताच प्रवासी चिठ्ठी लावलेली बॅग धक्क्याबाहेरील हमालाकडे सोपवतो. हमाल चिठ्ठी तपासतो, ती सुटली किंवा फाटली असल्यास नवी लावून देतो आणि बॅग मोठ्या जाळीदार गाडीत ठेवतो. क्ष-किरण यंत्रातून तपासणी झाल्यावर या गाड्या यंत्रांच्या साहाय्याने जहाजात चढवल्या जातात. तेथून पुढे जहाजाचे कर्मचारी बॅगा त्या त्या केबिनच्या दाराशी पोहोचवतात. सर्व बॅगा पोहोचायला संध्याकाळ, क्वचित रात्र होते. म्हणून पासपोर्ट, औषधे, दागिने आणि पहिल्या दिवशी लागणारे कपडे हातातील पिशवीत ठेवण्याची सूचना कंपन्या देतात. इस्त्री, मेणबत्त्या किंवा परवानगीपेक्षा अधिक मद्य आढळल्यास बॅग बाजूला काढून ठेवली जाते. अशा बॅगेला झालेल्या विलंबाशी हमालाचा संबंध नसतो.

उतरताना हाच क्रम उलटा होतो. प्रवासी आदल्या रात्री रंगीत किंवा क्रमांकित चिठ्ठी लावून बॅगा केबिनबाहेर ठेवतात आणि सकाळी धक्क्यावरील दालनात त्या रंगाच्या किंवा क्रमांकाच्या विभागातून परत घेतात. सीमाशुल्क तपासणीतून वाहनापर्यंत बॅगा न्यायला येथेही हमाल उपलब्ध असतात. ज्यांना हमाल नको असेल ते स्वतःचे सामान स्वतः घेऊन चढू किंवा उतरू शकतात.

हमालांचा दर्जा

हे हमाल जहाजाचे कर्मचारी नसतात. बहुतेक मोठी क्रूझ जहाजे बहामा, पनामा यांसारख्या देशांत नोंदलेली असून त्यांचा सेवकवर्ग अनेक देशांतून आलेला असतो. धक्क्यावरील काम मात्र स्थानिक गोदी कामगार करतात. अटलांटिक महासागर व मेक्सिकोचे आखात यांच्या किनाऱ्यांवर हे कामगार प्रामुख्याने इंटरनॅशनल लॉन्गशोरमेन्स असोसिएशन या १८९२ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेचे सदस्य असतात. पॅसिफिक किनाऱ्यावर १९३७ मध्ये तिच्यापासून वेगळी झालेली संघटना कार्यरत आहे. तिचे आजचे नाव इंटरनॅशनल लॉन्गशोर अँड वेअरहाउस युनियन असे आहे.

संघटनेच्या करारानुसार काम करणाऱ्या गोदी कामगारांचे ताशी वेतन संघराज्याच्या किमान वेतनापेक्षा बरेच अधिक असते. २००९ पासून हे किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर आहे. त्यामुळे उपाहारगृहातील वाढप्याप्रमाणे येथील हमाल केवळ बक्षिसीवर जगतो, हा समज बहुतेक ठिकाणी बरोबर नाही. दुसरीकडे, क्रूझची कामे जहाजे येतील त्या दिवशीच असतात. एका दिवसात हजारो प्रवासी उतरतात आणि तितकेच चढतात. उन्हात उभे राहून काही तासांत शेकडो जड बॅगा उचलण्याचे हे काम आहे. ताशी दर चांगला असला, तरी महिन्याची मिळकत किती तास काम मिळाले यावर ठरते.

रूढ रक्कम व शिष्टाचार

प्रवासविषयक मार्गदर्शिकांत दीर्घकाळ प्रत्येक बॅगेमागे १ ते २ डॉलर असा संकेत सांगितला जात असे. अलीकडे २ ते ३ डॉलर देणारेही पुष्कळ आहेत. बॅगा फार जड असल्यास, चाकांची खुर्ची किंवा लहान मुलांचे साहित्य सोबत असल्यास, अथवा उतरताना हमालाने सामान थेट वाहनापर्यंत नेऊन दिल्यास अधिक रक्कम देण्याची रीत आहे. येथे रोख रक्कमच चालत आली असल्याने अनुभवी प्रवासी सुट्या नोटा जवळ ठेवतात.

जहाजावरील बक्षिसीची व्यवस्था वेगळी आहे. अमेरिकी बाजारपेठेतील अनेक कंपन्या दर माणशी दर दिवशी ठरावीक रक्कम प्रवाशाच्या खात्यात आपोआप जमा धरतात. २०२० च्या दशकात ती अनेक कंपन्यांत १६ ते २० डॉलरच्या आसपास आहे. तिचे वाटप केबिन सांभाळणारे, भोजनगृहातील आणि पडद्याआडचे कर्मचारी यांच्यात होते. धक्क्यावरील हमालाला त्यातील काहीही मिळत नाही. सर्व बक्षिसी आधीच भरली आहे, असे समजून रिकाम्या हाताने आलेल्या प्रवाशाचा या ठिकाणी गैरसमज होतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेत ओझे वाहणाऱ्याला बक्षिसी देण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दृढ झाली. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने शयनयान डब्यांतील सेवक म्हणून मोठ्या प्रमाणावर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय गुलामांना नेमले. त्यांचे वेतन तुटपुंजे होते आणि उरलेली भर प्रवाशांच्या बक्षिसीतून पडावी अशी व्यवस्था होती. या सेवकांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली आणि १९३७ मध्ये कंपनीशी पहिला करार केला. बक्षिसी ही लोकशाहीला न शोभणारी सरंजामी रीत आहे, असा विचारही त्या काळात प्रबळ होता. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये बक्षिसीबंदीचा कायदा केला आणि आणखी काही राज्यांनी त्याचे अनुकरण केले. मात्र १९२६ पर्यंत असे सर्व कायदे रद्द झाले.

रेल्वेस्थानकांवरील लाल टोपीच्या हमालांची स्थिती आणखी बिकट होती. ‘रेड कॅप’ या नावाने ओळखले जाणारे हे हमाल बहुतांशी कृष्णवर्णीय होते. त्यांच्यापैकी बहुतेकांना पगारच नव्हता. बक्षिसी हीच त्यांची सारी मिळकत होती. १९३८ च्या न्याय्य श्रममान कायद्याने ताशी २५ सेंट किमान वेतन ठरले, तेव्हा ते कोणी द्यायचे हा प्रश्न उभा राहिला. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल स्थानक चालवणाऱ्या कंपनीने हमालांना मिळालेल्या बक्षिसीचा हिशेब द्यायला लावला. ती रक्कम किमान वेतनापेक्षा कमी पडेल तेवढीच भर कंपनी घालणार होती. १९४२ मध्ये विल्यम्स विरुद्ध जॅक्सनव्हिल टर्मिनल कंपनी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत वैध ठरवली. प्रवाशाने हमालाला म्हणून दिलेले पैसे अशा रीतीने मालकाची देणी भागवू लागले. अनेक स्थानकांवर १९४० पासून दर नगामागे १० सेंटचा ठरावीक आकार सुरू झाला. तो दिल्यावर वेगळी बक्षिसी देण्याचे कारण बऱ्याच प्रवाशांना उरले नाही.

पुढे १९६६ च्या दुरुस्तीने बक्षिसी मिळणाऱ्या कामगारांच्या वेतनात तिचा काही भाग मोजण्याची मुभा मालकांना देण्यात आली. अशा कामगारांना मालकाने स्वतः द्यावयाची किमान रोख रक्कम संघराज्याच्या कायद्यानुसार १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे. काही राज्यांनी मात्र याहून अधिक दर ठरवला आहे.

ठरावीक आकार आणि बक्षिसी यांच्यातील हा संघर्ष पुढे विमानतळांवरही दिसला. अमेरिकन एअरलाइन्सने २००५ मध्ये बोस्टन येथे दाराशी सामान देणाऱ्या प्रवाशांकडून दर बॅगेमागे २ डॉलर आकारण्यास सुरुवात केली. हे पैसे आपल्यालाच मिळतात असे समजून प्रवासी बक्षिसी देत नाहीत, असे म्हणणे तेथील हमालांनी न्यायालयात मांडले. २००८ मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. २०११ मध्ये मात्र अपील न्यायालयाने, विमानसेवेच्या दरांबाबत संघराज्याचा कायदा राज्याच्या कायद्यावर वरचढ ठरतो, या कारणाने तो निर्णय फिरवला.

वाद व टीका

बक्षिसीचे समर्थक म्हणतात की, ओझे उचलणाऱ्याच्या श्रमाची ती साधी पोच आहे. सफरीच्या एकूण खर्चाच्या मानाने ती नगण्य असते आणि तिच्यामुळे कोणाचे नुकसान होत नाही. विरोधकांच्या मते करारानुसार चांगले वेतन मिळणाऱ्या कामगाराला पुन्हा बक्षिसी देण्याचे प्रयोजन नाही. त्यांचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आपले सारे सामान ज्याच्या हाती जाणार, त्याला नाराज केल्यास बॅग मागे राहील अशी धास्ती प्रवाशाला वाटते आणि त्या धास्तीपोटी दिलेले पैसे स्वेच्छेचे मानता येत नाहीत.

प्रत्यक्षात बॅगेची वाट चिठ्ठी, तपासणी व जहाजावरील वाटप यांनी ठरते. हमालाच्या हातून गाडीत गेल्यावर ती कोणाची आहे आणि तिच्याबद्दल काय दिले गेले, हे पुढच्या कोणालाच ठाऊक नसते. बक्षिसी न दिल्याने सेवा नाकारली जाणे अपेक्षित नाही. ती मागणे किंवा तिच्यासाठी अडवून धरणे हे गैरवर्तन समजले जाते व त्याबद्दल धक्क्यावरील पर्यवेक्षकाकडे तक्रार करता येते.

इतर देशांतील प्रथा

युरोपातील बार्सिलोना, चिविताव्हेकिया यांसारख्या बंदरांत सामान घेणाऱ्या कामगाराला बक्षिसी देणे सर्वसाधारणपणे अपेक्षित नसते. ऑस्ट्रेलियात किमान वेतन तुलनेने अधिक असून बक्षिसीची रीत क्षीण आहे. जपानमध्ये उत्तम सेवा हा कामाचाच भाग समजला जातो. तेथे पुढे केलेली रक्कम नम्रपणे परत केली जाण्याचीच शक्यता अधिक असते. म्हणून प्रवाशाने जहाज कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा धक्का कोणत्या देशात आहे याचा विचार करणे योग्य ठरते.

भारतातील संदर्भ

मुंबईचा बॅलार्ड पिअर हा ब्रिटिश काळापासून सागरी प्रवाशांचा धक्का आहे. तेथील मोल या रेल्वेस्थानकातून विलायतेहून आलेले प्रवासी पंजाब मेल, फ्रंटियर मेल अशा गाड्यांनी थेट उत्तरेकडे जात. त्यांच्या ट्रंका व वळकट्या बोटीवरून गाडीत नेण्याचे काम हमाल करीत. कोकण किनाऱ्यावरील बोटींच्या काळात भाऊच्या धक्क्यावरही हमाल व त्याची हमाली हा प्रवासाचा नित्याचा भाग होता. २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलिया या कंपनीच्या देशांतर्गत क्रूझ सफरी सुरू झाल्या. २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले.

भारतात ओझे वाहणाऱ्याच्या मोबदल्याचा प्रश्न बक्षिसीपेक्षा ठरलेल्या दराच्या मार्गाने सोडवण्याचा प्रयत्न झाला आहे. रेल्वेस्थानकांवरील परवानाधारक हमालांचे दर रेल्वे प्रशासन ठरवते. २०१६ मध्ये त्यांना ‘सहायक’ असे नाव देण्याची घोषणा झाली. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगारांची चळवळ उभी राहिली आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठीचा कायदा झाला. त्यानुसार मालक मजुरी व तिच्यावरील अधिभार मंडळाकडे भरतो. मंडळ कामगाराला वेतन देते आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपचार यांची तरतूद करते. पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीनेही हमालाला हक्काची मजुरी मिळावी यासाठी दीर्घकाळ काम केले. या दोन्ही चळवळींची मागणी हक्काच्या दामाची होती. ओझे उचलणाऱ्याची मिळकत ग्राहकाच्या मर्जीवर सोडली जाऊ नये, या प्रश्नावर महाराष्ट्रातील माथाडी आणि अमेरिकेतील लाल टोपीचे हमाल यांचे लढे एकमेकांच्या जवळ येतात.