डेटाबेस सर्व्हर नवीन डोमेनमध्ये कसा हलवायचा? सोप्या भाषेत माहिती

मोबाईलवर तुम्ही तिकीट बुक करता, परीक्षेचा निकाल बघता, ऑर्डर कुठे पोहोचली ते तपासता. या प्रत्येक अ‍ॅपच्या मागे कुठेतरी एक डेटाबेस सर्व्हर चालू असतो. दोन कंपन्या एकत्र आल्या किंवा ऑफिसचं नेटवर्क नव्याने उभारलं, तर हा सर्व्हर एका डोमेनमधून दुसऱ्या डोमेनमध्ये न्यावा लागतो. हे काम कसं करतात आणि त्यात नेमकं कुठे फसायला होतं, ते आज आपण बघूया. उदाहरण घेऊया विंडोजवर चालणाऱ्या मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरचं.

डोमेन म्हणजे काय?

इथे डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव नाही. ऑफिसमधले सगळे कॉम्प्युटर आणि कर्मचाऱ्यांची खाती एकाच ठिकाणाहून सांभाळणारी व्यवस्था म्हणजे विंडोज डोमेन. ही व्यवस्था अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी सांभाळते. ती विंडोज २००० सोबत आली आणि आजही असंख्य ऑफिसांत वापरली जाते.

खरी अडचण कुठे येते?

डोमेन बदलल्याने डेटा कुठेही जात नाही. टेबल, फाइल्स सगळं जागच्या जागी राहतं. बदलते ती माणसांची ओळख.

समजा, तुमच्या मित्राने नवीन सिम घेतलं. माणूस तोच, नाव तेच, पण त्याचा कॉल आला की तुमचा फोन अनोळखी नंबर दाखवतो. विंडोजमध्येही तसंच आहे. प्रत्येक खात्याला एसआयडी नावाचा एक ओळख क्रमांक असतो. एसक्यूएल सर्व्हर विंडोज लॉगिनला नावाने नाही, तर या क्रमांकाने ओळखतो. नवीन डोमेनमध्ये त्याच नावाचं खातं उघडलं तरी एसआयडी वेगळा असतो, त्यामुळे सर्व्हर त्याला आत घेत नाही. डेटाबेसमध्येच यूजरनेम आणि पासवर्ड ठेवून बनवलेल्या एसक्यूएल लॉगिनला मात्र काही होत नाही.

माझी झालेली फजिती

नोकरीच्या सुरुवातीला शुक्रवारी रात्री मी असाच एक सर्व्हर हलवला. रीस्टार्टनंतर एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिसच सुरू होईना, कारण ती जुन्या डोमेनच्या खात्यावर चालत होती. ते खातं बदललं, तर पुढची अडचण समोर उभी. अ‍ॅडमिनचे सगळे लॉगिन जुन्या डोमेनचे, आणि 'एसए' हे मुख्य खातं बंद. मला वाटलं, मी त्या विंडोज मशीनचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आहे, म्हणजे आत शिरता येईलच. पण एसक्यूएल सर्व्हर २००८ पासून मशीनच्या अ‍ॅडमिनला आपोआप डेटाबेसचा अ‍ॅडमिन करत नाहीत.

शेवटी सर्व्हर सिंगल यूजर मोडमध्ये सुरू केला. या मोडमध्ये मशीनच्या अ‍ॅडमिनला पूर्ण अधिकार मिळतात. तिथेही एसक्यूएल एजंट चालूच राहिला होता, त्याने ती एकमेव जागा अडवून ठेवली! एजंट बंद केला तेव्हा कुठे आत जाता आलं.

हलवण्याआधी काय करावं?

१. सगळ्या डेटाबेसचा बॅकअप घ्या, मास्टर आणि एमएसडीबीसुद्धा. तो दुसऱ्या मशीनवर ठेवा.
२. सर्व्हिस मास्टर कीचा वेगळा बॅकअप घ्या. साठवलेले पासवर्ड आणि एन्क्रिप्शन तिच्यावर अवलंबून असतात.
३. कोणते विंडोज लॉगिन आणि ग्रुप आहेत, कोणाला कोणता अधिकार आहे, याची यादी काढा.
४. अ‍ॅडमिन अधिकार असलेला एक एसक्यूएल लॉगिन बनवा. त्यासाठी मिक्स्ड मोड चालू करून सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते. मग त्या लॉगिनने खरंच आत जाऊन बघा.
५. मशीनच्या लोकल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड चालतोय ना, ते तपासा. जुनं डोमेन सुटलं की तोच उपयोगी पडतो.

हलवल्यानंतर काय करावं?

सर्व्हर नवीन डोमेनमध्ये जोडून रीस्टार्ट केला की पुढची कामं करा.

सर्व्हिसचं खातं: एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजरमधूनच बदला. विंडोजच्या सर्व्हिसेसच्या खिडकीतून बदललं तर लागणाऱ्या सगळ्या परवानग्या नवीन खात्याला मिळत नाहीत.

लॉगिन: नवीन डोमेनच्या खात्यांसाठी लॉगिन बनवा आणि 'ऑल्टर यूजर' कमांडने डेटाबेसमधला जुना यूजर त्यांना जोडा. त्यामुळे डेटाबेसमधल्या परवानग्या पुन्हा द्याव्या लागत नाहीत. सर्व्हर पातळीवरचे अधिकार मात्र नव्याने द्यावे लागतात.

मालकी: डेटाबेस आणि एजंटचे जॉब जुन्या खात्याच्या नावावर असतील तर मालक बदला. नाहीतर रात्री आपोआप होणारे बॅकअप एरर १५४०४ देऊन थांबतात, आणि बॅकअपची गरज पडेपर्यंत ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

एसपीएन: केर्बेरॉस पद्धतीने लॉगिन होण्यासाठी सर्व्हरच्या नव्या पूर्ण नावाची आणि पोर्टची (नेहमीचा पोर्ट १४३३) नोंद बरोबर खात्यावर हवी. 'एसएसपीआय कॉन्टेक्स्ट'चा एरर आला तर आधी इथेच बघा. घड्याळही तपासा. केर्बेरॉसमध्ये साधारणपणे ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही.

नाव: अ‍ॅप जुन्या पूर्ण नावाने सर्व्हर शोधत असेल तर डीएनएस किंवा कनेक्शन स्ट्रिंग बदला. एन्क्रिप्शनच्या सर्टिफिकेटवर जुनं नाव असेल तर तेही नवीन घ्या.

ही सगळी माहिती एकट्या सर्व्हरसाठी आहे. क्लस्टर असेल तर वेगळी तयारी लागते.

थोडक्यात सांगायचं तर, घर बदलताना आपण सामान आधी बांधतो आणि किल्ली शेवटी शोधतो. इथे उलटं करा. जुन्या डोमेनवर अवलंबून नसलेली एक किल्ली आधी बनवा, ती कुलपात फिरवून बघा, आणि मगच सर्व्हरला हात लावा.