मनगटाची वाट

भोर-वेल्ह्याकडचा हृदयरोगी पुण्याहून घरी परतला की भेटायला आलेले विचारतात, ‘अँजिओग्राफी हातातून केली का पायातून?’ हातातली, म्हणजे मनगटाची वाट रुग्णाच्या सोयीसाठी आली, असा समज आहे. इतिहास पाहिला तर ती रक्तस्रावाच्या धास्तीने आली. १९५८ मध्ये अमेरिकेत मेसन सोन्स यांनी हृदयाच्या धमन्यांचं चित्रण सुरू केलं ते कोपराशी छेद घेऊन, हातातूनच. १९६७ मध्ये मेल्विन जडकिन्स यांनी आधीच वळण दिलेल्या नळ्या मांडीतून घातल्या आणि जाड धमनीचा तो सोपा मार्ग रूढ झाला. मग धमनी उघडी ठेवणारी जाळी, म्हणजे स्टेंट आला. त्यात गुठळी धरू नये म्हणून रक्त इतकं पातळ करत, की जांघेतून ते थांबेना. याच अडचणीतून ॲमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनाय यांनी १९९२ मध्ये मनगटातून अँजिओप्लास्टी केली. मनगटातून अँजिओग्राफीचा शंभर रुग्णांवरचा अनुभव माँट्रियलच्या लुसियाँ कांपो यांनी १९८९ मध्येच मांडला होता. वैद्य अंगठ्याच्या मुळाशी नाडी पाहतात ती हीच धमनी. कातडीलगत, खाली हाड. म्हणून बोटाला लागते आणि बोटाने दाबताही येते. जांघेतलं रक्त मात्र पोटामागे साचत गेलं तरी बाहेर दिसत नाही.

पुरावा एकमुखी नाही. २०१५ च्या ‘मॅट्रिक्स’ चाचणीत ८,४०४ रुग्णांपैकी मनगटाच्या गटात महिनाभरात १.६ टक्के दगावले, मांडीच्या गटात २.२; २०२० च्या ‘सफारी-स्टेमी’त मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. मनगटाची धमनी बारीक असते, आवळते, कधी नंतर बंदही पडते; मात्र हाताला दुसऱ्या धमनीचा पुरवठा असतो. धमनी कुठली हे गौण, वेल्ह्याच्या रुग्णाचा खरा शत्रू वाटेत जाणारा वेळ आहे, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. पण तोच मनगटाच्या बाजूने जातो. कॅथलॅब लांब असेल तिथे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी देऊन रुग्णाला पुढे पाठवतात. पुण्याच्या वाटेवरचं नसरापूर, खेड शिवापूर ओलांडून असा रुग्ण टेबलावर येतो तेव्हा त्याचं रक्त गोठायला तयार नसतं, आणि जांघेत टोचायला याहून वाईट वेळ नाही. मांडीतून केलं तर पाय सरळ ठेवून, कधी जांघेवर वाळूची पिशवी घेऊन, तासन्‌तास पडून राहायचं. मनगटावर हवा भरलेला पारदर्शक पट्टा बांधतात, थोडी थोडी हवा सोडत तो काढतात; माणूस तोवर उठून बसलेला असतो. घरी डोंगरातल्या वाडीवर गेल्यावर जांघ सुजू लागली तर पुन्हा तीच वाट तुडवायची. म्हणून ‘हातातून का पायातून?’ हे घरी परतल्यावर नव्हे, संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा.